सेव्ह मास्तरांची साक्ष

मास्तरांना कुणी साधा प्रश्न विचारला, तरी उत्तर "तसं नाही म्हणता येणार" इथूनच सुरू व्हायचं. मास्तरीणबाईंनी चहा ठेवू का विचारलं, तर "ठेव, पण म्हणजे दूध आहे असं धरून" म्हणणारा हा माणूस. आयुष्यभर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवल्यावर दुसरं काय होणार? पोरांनी त्यांचं नाव सेव्ह मास्तर ठेवलं होतं, कारण प्रयोगशाळेत रांगेरांगेतून फिरताना ते प्रत्येकाच्या खुर्चीमागे थांबून एकच जप करायचे, "सेव्ह केलं का? आधी सेव्ह कर, मग बोल." वीज जावो, मशीन अडको, कुणाचा पाय लागून वायर निघो, मास्तरांच्या वर्गातल्या पोराचं काम कधी बुडालं नाही. नाव चिडवायला ठेवलेलं होतं, पण मास्तरांना ते मनातून आवडायचं.

असा माणूस कोर्टात साक्षीला उभा राहिला तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. तरी वकीलबाई त्यांच्याच दारात आल्या. बाई तरुण, बोलायला चटपटीत, आणि पायात चपला घालून पळतच असल्यासारख्या बसायच्या. त्यांना कॉम्प्युटरमधलं कळणारा आणि खोटं न बोलणारा माणूस हवा होता. कळणारे पुष्कळ भेटले, म्हणाल्या, दुसऱ्या अटीशी गाडी अडते. मास्तर निवृत्त होऊन घरात नुसते येरझाऱ्या घालत होते. मास्तरीणबाईंनीच परस्पर हो म्हणून टाकलं.

खटला एका हॉस्पिटलातल्या सिस्टरवर होता, आणि वकीलबाई तिच्या बाजूनं लढत होत्या. तिच्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटला रात्रीचं औषध दहापट गेलं. म्हातारबुवा वाचले, पण दोन्ही मूत्रपिंडं कायमची गेली. वॉर्डातल्या कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात डोस दहापट लिहिलेला, आणि त्यासमोर नाव सिस्टरचं. सिस्टर म्हणत होती, मी सकाळी लिहिला तेव्हा आकड्यात दशांशाचं टिंब होतं. मी संध्याकाळी घरी गेल्यावर कुणीतरी तक्त्यात हात घातला. आरोप सिद्ध झाला असता तर तुरुंग, आणि नर्सिंगचा परवाना तर गेलाच म्हणून समजा.

आता नाव तिचं कसं, तर त्याची गंमत अशी. वॉर्डातलं ते मशीन म्हणजे अगदी खटारा. नाव आणि पासवर्ड टाकून उघडायचं म्हटलं, की तोवर दोन पेशंटना इंजेक्शन देऊन परत यावं. म्हणून तिथल्या सिस्टरांनी आपसात एक रिवाज पाडला होता: सकाळी जी पहिली येईल तिनं आपल्या नावानं मशीन उघडायचं, आणि मग दिवसपाळी काय, रात्रपाळी काय, सगळ्यांनी त्याच नावावर काम रेटायचं. ही सिस्टर नेहमी वेळेआधी यायची, म्हणजे रोज तिचंच नाव. हे हॉस्पिटलच्या नियमात बसत नव्हतं. त्यामुळे पोलीस आल्यावर एकीलाही हा रिवाज आठवेना. आम्ही आपापल्या नावानंच काम करतो, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. लवकर येण्याचं बक्षीस हे असं मिळालं.

मास्तरांनी हे ऐकलं आणि खुर्चीत सरसावून बसले. म्हणाले, फाइल शेवटची सेव्ह कधी झाली, ते फाइल स्वतःजवळ जपून ठेवते. सिस्टर सकाळी आठच्या सुमाराला डोस भरते, मग दिवसभर बाकीच्या नुसत्या बघतात. म्हणजे शेवटचं सेव्ह सकाळचं असेल तर तो आकडा हिचाच. ती घरी गेल्यानंतरचं असेल, तर दुसऱ्या कुणाचा तरी हात लागलाय. वकीलबाईंनी विचारलं, इतकं सोपं? मास्तर म्हणाले, सोपं नाही म्हणता येणार, पण हो.

घटनेनंतर ते मशीन हॉस्पिटलनं एका खोलीत कुलपात ठेवलं होतं. परवानगी घेऊन मास्तर तिथे गेले. खोली कोंदट, कोपऱ्यात मोडक्या खाटा, टेबलाला एक पाय आखूड. हॉस्पिटलच्या माणसानं मशीन जोडून दिलं, त्याला फोन आला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला.

या कामाचा पहिला नियम असा, की मूळ वस्तूला हात लावायचा नाही. आधी सगळ्या डिस्कची नक्कल काढायची आणि काय उलथापालथ करायची ती नकलेवर. हे शेंबडं पोरही सांगेल. मास्तरांना ते ठाऊक होतं, नक्कल काढायचं यंत्रही पिशवीत होतं. पण मशीन समोर चालू झालेलं, पडद्यावर ती फाइल दिसतेय, आणि फाइल नुसती उघडल्यानं सेव्हची वेळ बदलत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. जास्त ठाऊक असलं की माणूस असा मरतो. एकदा बघू तर, म्हणून त्यांनी आधी वेळ पाहिली. तारीख त्याच दिवसाची. वेळ आठच्या पुढची, आणि शेजारी रात्रीची खूण, पीएम. मास्तरांना इतका आनंद झाला की त्या कोंदट खोलीत ते एकटेच हसले.

मग त्यांनी फाइल उघडली, तो डोसही बघून घ्यावा म्हणून. तक्त्याचा रकाना अरुंद होता, आकडा अर्धा झाकला गेला होता. मास्तरांनी माउसनं रकान्याची कड ओढून तो जरा रुंद केला. आकडा स्वच्छ दिसला. आणि पडद्यावर काहीही जरा हललं की आयुष्यभर जे झालं, तेच झालं. मेंदूला न विचारता डाव्या हाताची दोन बोटं खाली गेली.

सेव्ह.

फाइलची वेळ बदलली. आता तिथे आजची तारीख होती, आणि मास्तर आत्ता ज्या घटकेला त्या आखूड पायाच्या टेबलाशी बसले होते, ती वेळ. मास्तर पडद्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी आपला डावा हात उचलून मांडीवर उलटा ठेवला, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा होता.

पुढचे कितीतरी दिवस त्यांनी त्या डिस्कचा कानाकोपरा धुंडाळला. नक्कल काढून, बरं का, आता नियमानं. बैल गेला नि झोपा केला. जुन्या वेळेची खूण कुठेच राहिली नव्हती. त्यांनी वकीलबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, की अहवालात एवढंच लिहा, फाइलमधली वेळ भरवशाची नाही. का नाही, ते समोरच्यांनी विचारलं तर बघू. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. तज्ज्ञ साक्षीदार बोलावणाऱ्याचा नसतो, कोर्टाचा असतो, असा कागद वकीलबाईंनीच त्यांना पहिल्या दिवशी वाचायला दिला होता, आणि मास्तर दिलेले कागद वाचणारे होते. त्यांनी सगळं लिहिलं: काय पाहिलं, आणि मग काय केलं. मास्तरीणबाईंनी अहवाल वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अहो, खरं लिहिलंत ना? मग झालं." मास्तर म्हणाले, झालं कसलं, आता कुठे होणार आहे.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात सिस्टर भेटली. सोबत तिचा थोरला भाऊ, चिंतेनं ओढलेल्या चेहऱ्याचा, अबोल. सिस्टरनं मास्तरांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली की सगळं जग काही म्हणो, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय ना, मग मला भीती नाही.  मास्तरांनाही खात्री होती. रात्रीची खूण त्यांना स्वच्छ दिसत होती, डोळे मिटले तरी.

साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा हात लावून लावून गुळगुळीत झालेला होता. समोरच्या माईकमधून मधूनच शिट्टी यायची. वकीलबाईंनी मास्तरांकडून पाहिलेली वेळ आणि बोटांची करामत असं दोन्ही काढून घेतलं. न्यायाधीशबाई केस पांढरे झालेल्या, शांत. त्या लेखनिकाला काय टिपायचं ते सांगत होत्या. मग सरकारी वकील उठले. मास्तरांना वाटलं होतं, हे आता अंगावर येणार. पण गृहस्थ इतके गोड बोलायचे की डॉक्टरच तब्येत विचारतायत असं वाटावं.

त्यांनी आधी विचारलं, सिस्टर गेल्यानंतर या फाइलमध्ये कुणी बदल केल्याची नोंद आज उपलब्ध आहे का? हो की नाही. मास्तर म्हणाले, तसं नाही म्हणता येणार. न्यायाधीशबाईंनी सांगितलं, एका शब्दात बोला. मास्तर म्हणाले, हो. कुणाची नोंद? मास्तर म्हणाले, माझी. मागच्या बाकांवर खसखस पिकली. म्हणजे सिस्टरनंतर या फाइलला ज्याचा हात लागला असं सिद्ध होतं, असा जगात एकच माणूस आहे, आणि तो तुम्ही? मास्तर म्हणाले, हो. आपण इथे साक्षीला आलोय की आरोपी म्हणून, हे त्यांना क्षणभर खरोखर कळेना.

मग वेळेची गोष्ट निघाली. आठ वाजून गेल्याची वेळ होती, हे नक्की? नक्की. सिस्टर सकाळी तक्ता कधी भरते? आठच्या सुमाराला. म्हणजे आकडा दोन्हीकडे आठच. सगळा फरक त्या शेजारच्या खुणेचा. खूण केवढी होती? बारीक. सेव्ह करण्याआधी किती वेळ पाहिलीत? थोडा. लिहून ठेवलीत? लिहिणारच होतो. तुमच्या मनात काय होतं, तिथे सकाळ दिसावी की रात्र?

"रात्र," मास्तर म्हणाले.

"हवी होती म्हणून दिसली, असं होऊ शकतं?"

मास्तरांनी डोळे मिटले. रात्रीची खूण दिसली. मग त्यांनी, नुसतं ताडून बघायला म्हणून, तिथे सकाळची खूण ठेवून पाहिली. तीही दिसली. तितकीच स्वच्छ.  आपल्याला रात्र दिसली म्हणून आनंद झाला होता, की आनंद व्हायचाच होता म्हणून रात्र दिसली? त्या कोंदट खोलीत आधी काय झालं होतं?

"होऊ शकतं," ते म्हणाले.

सरकारी वकिलांनी मान डोलावली. मग म्हणाले, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, परीक्षेत पोरं म्हणत असतील, सर, माझा प्रोग्रॅम काल घरी चालत होता. मास्तर म्हणाले, दर परीक्षेला म्हणतात. तुम्ही काय म्हणता? मास्तर म्हणाले, दाखव म्हणतो. आणि दाखवता आलं नाही तर?

"मार्क देत नाही."

कोर्टात हशा झाला. लेखनिकही हसला. मास्तरांनी सिस्टरकडे पाहिलं. ती हसली नव्हती. ती त्यांच्याकडे असं बघत होती, की कुणी आपला हात सोडतंय आणि का सोडतंय ते तिला कळत नाहीये.

वकील बसल्यावर न्यायाधीशबाईंनी स्वतः विचारलं. "मला एक समजावून सांगा. ही तुमची साक्ष मी तज्ज्ञाचं मत म्हणून घेऊ, की पाहिलेल्या माणसाचं सांगणं म्हणून?"

मास्तर म्हणाले, "मॅडम, तज्ज्ञाचा त्या पाहिलेल्या माणसावर विश्वास नाही."

"आणि पाहिलेला माणूस?"

"तो गोंधळलाय."

लेखनिकानं, हे टिपायचं का, अशा नजरेनं वर पाहिलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, टिपा. आणि थोड्या वेळासाठी काम थांबवलं.

बाहेरच्या बोळात एक लांब बाक होता. मास्तर त्याच्या टोकाला जाऊन बसले.  इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. साठ पोरांच्या वर्गासमोर चुकलेली गणितं पुसली होती, हसण्यावारी नेली होती. पण तिथे कुणाचं आयुष्य फळ्यावर नव्हतं.

सिस्टर आली आणि शेजारी बसली. हातात एक कागद. भाऊ तिच्या पाठीशी उभा राहिला. तिनं सांगितलं ते असं, की सरकारी वकिलांनी तडजोड पाठवली आहे. माझ्याकडून निष्काळजीपणानं चूक झाली, एवढं कबूल करून सही केली तर तुरुंग नाही. परवाना जाईल, बस. काम पुन्हा सुरू व्हायच्या आत सांगायचंय. भाऊ म्हणतो, सही कर, मोकळी हो, पुढचं पुढे बघू. वकीलबाई म्हणतात, तुझं तू ठरव.

"सर, इथे कुणी लिहून घेत नाही," ती म्हणाली. "मला एकटीला सांगा. रात्रच होती ना?"

 ती पुढे बोलत राहिली. म्हणाली, सुरुवातीला मला टिंब दिलेलं स्पष्ट आठवायचं, अगदी बोटाला जाणवायचं. पण सगळ्यांनी इतक्या वेळा विचारलं, की आता टिंब दिलेलं आठवतंय, की टिंब दिलं असं सांगितलेलं आठवतंय, तेच समजेनासं झालंय. म्हणून तुमचा आधार होता. तुम्ही रात्र म्हणालात तर मी लढते. नाहीतर सही करते.

एक शब्द बोलायचा होता. रात्र. न शपथ, न लेखनिक. भला माणूस असता तर बोलला असता, असं मास्तरांना वाटलं. बोलला असता आणि मुलगी डोकं वर करून आत गेली असती. पण रात्र नसली तर? त्यांच्या एका शब्दावर विसंबून ती तुरुंगात गेली तर? आणि सकाळ म्हणावं, तर तेही खोटंच की. मास्तरांनी पुन्हा एकदा ती खोली, तो पडदा, तो आठचा आकडा आठवून पाहिला. खुणेच्या जागी आता नुसता डाग होता.

"सकाळी घरून निघालो तेव्हा खात्री होती," ते म्हणाले. "आता नाही. मला माहीत नाही, बाळ."

भावानं खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरलं. मास्तरांनी मान खाली घातली. या पोरीला आपण एकदा बोटांनी बुडवलं आणि आता तोंडानं, हे त्यांना अगदी लख्ख कळलं, आणि त्या दिवसात तेवढंच काय ते लख्ख कळलं.

सिस्टरनं पेन घेतलं. कागद मांडीवर सरळ केला. वाचू लागली, ओठ हलवत, शाळेतल्या पोरीसारखी. आणि मध्येच थांबली.

"यात लिहिलंय, माझ्या हातून चूक झाली हे मला मान्य आहे." तिनं ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. "दादा, मान्य करायचं तर आधी माहीत पाहिजे ना?"

भाऊ म्हणाला, आता कीस काढू नकोस, तुरुंग टळतोय. ती म्हणाली, टळतोय, कळतंय मला. पण म्हातारबुवांची लेक रोज कोर्टात येऊन बसते. माझ्याकडे बघत असते. तिला मी सही करून सांगायचं की मीच केलं? आणि केलं नसलं तर? मग ज्यानं केलं तो उद्याही त्याच तक्त्याला हात लावणार.

"सरांनी डोळ्यांनी पाहिलं, अन् सरांना माहीत नाही," ती म्हणाली. "मी बोटांनी लिहिलं, अन् मला माहीत नाही. मग त्या वकिलांना कसं माहीत?"

 मास्तरांनी मान वर केली. इतका वेळ ते आपल्या गोंधळाची लाज धरून बसले होते. पण आत भरलेल्या त्या सगळ्या कोर्टात कुणाला, कुणाला म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

वकीलबाई लगबगीनं आल्या, आत बोलावतायत म्हणाल्या, काय ठरलं? सिस्टरनं सही न केलेला कागद त्यांच्या हातात दिला आणि पेन भावाच्या.

"मग मी आत काय सांगू?" वकीलबाईंनी विचारलं.

"हेच सांगा," सिस्टर म्हणाली. "मला माहीत नाही, आणि त्यांनाही माहीत नाही. माहीत नसताना कुणाला शिक्षा करायची असेल तर करा म्हणावं."

वकीलबाई दाराकडे निघाल्या होत्या, त्या थांबल्या.  मग भिंतीला फाइल टेकवून, उभ्या उभ्याच, तिचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं.